तिकडचा उन्हाळा, आपला पावसाळा

रत्नागिरी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कोर्सची माहिती वाचली. जर्मनी, चार आठवडे, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, विषय किनाऱ्याचं पर्यावरण. विषय चांगला निवडलायस. पण ‘लवकर भरली तर फीत सूट आहे, भरून टाकू का’ या प्रश्नाचं उत्तर: अजून नको. सूट गेली तर जाऊ दे. आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढ.

तिकडे जिला उन्हाळी सुट्टी म्हणतात ती आपल्याकडे सुट्टी नसतेच. आपली सुट्टी एप्रिल-मेमधली, ती आंबा उतरवण्यात जाते. मिरग लागतो त्याच सुमारास आपलं कॉलेज उघडतं. जर्मनीत उन्हाळी सत्राचे तास एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत किंवा थोडे पुढे चालतात आणि वर्ग रिकामे झाले की तिथे समर स्कूल भरतं. म्हणजे तू तिकडे असशील तेव्हा इथे तुझं पाचवं सत्र ऐन भरात असेल. आता गणित मांड. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं आणि जाण्यायेण्यासकट तुझे साडेचार आठवडे बुडाले, तर ३० टक्के गैरहजेरी झाली. उरलेल्या सत्रात एकही तास न चुकवता, एकदाही ताप न येता हजेरी ७० टक्क्यांवर थांबते. नियम ७५चा आहे. परीक्षेचा फॉर्म अडकतो तो इथे, आणि तेव्हा हातात जर्मन विद्यापीठाचं झकास प्रमाणपत्र असून काही उपयोग नसतो.

म्हणून पहिलं काम प्राचार्यांना अर्ज. तोंडी ‘जा, जा, आम्ही बघू’ यावर विसंबू नकोस. बोलणारे सर जूनमध्ये दुसऱ्या विभागात गेलेले असू शकतात. अर्जात तारखा, बुडणारे तास, बुडणारी प्रॅक्टिकल्स आणि ती कधी भरून काढणार ते लिही. प्रॅक्टिकलच्या बाबतीत जर्नलवर सही कोण आणि कधी करणार, हेही आधीच विचारून घे. परवानगी जावक क्रमांकासह लेखी मिळाली की मग फीचं बघू. नाही मिळाली तर दोन वाटा आहेत. एक, दोन आठवड्यांचा कोर्स शोध. प्रवास धरून अडीच आठवडे म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास, ते झेपतं. दुसरी वाट तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर जाण्याची. वेळेच्या दृष्टीने ती उत्तम, पण त्यात एक खोच आहे. परीक्षा संपली की कागदोपत्री तू विद्यार्थिनी उरत नाहीस आणि व्हिसाच्या वेळी ‘परत येऊन काय करणार’ याचा पुरावा मागतात. एमएस्सीच्या प्रवेशाचा कागद तोवर आलेला नसला तर पंचाईत होते.

आता कोर्स खरा की नुसता गुळगुळीत, ते कसं ओळखायचं? श्रेयांक बघ. युरोपात त्यांना ईसीटीएस म्हणतात. एक ईसीटीएस म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे श्रम: वर्ग, वाचन, लेखन, परीक्षा सगळं धरून. तुझा कोर्स पाच देतो, म्हणजे कमीत कमी १२५ तास. चार आठवड्यांत विभागले तर आठवड्याला साधारण ३१. हे सरळ आहे. पण दोन आठवड्यांत सहा ईसीटीएस देतो असं कुणी म्हणालं, तर १५० तास चौदा दिवसांत बसवून बघ: रोज जवळजवळ अकरा तास, रविवार धरून. असा कोर्स एक तर आधीचे काही आठवडे ऑनलाइन वाचन करून घेतो, नाहीतर आकडा फुगवतो. पत्र लिहून विचारायचं, ‘प्रत्यक्ष वर्गाचे तास किती, परीक्षा कशी, निकालपत्रक कोण देतं?’ या तीन प्रश्नांना सरळ उत्तर आलं तर पुढे जा.

फी कुणाच्या खात्यात जाते हेही बघ. विद्यापीठ स्वतः कोर्स चालवत असेल तर खातं विद्यापीठाचं असतं. उन्हाळ्यात विद्यापीठाच्या खोल्या भाड्याने घेऊन कोर्स चालवणाऱ्या संस्थाही आहेत. त्यातल्या सगळ्या वाईट नाहीत, पण त्यांच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचा शिक्का नसतो. माहितीपत्रकावर जुन्या इमारतीचा फोटो मोठा आणि शिक्षकांची नावं कुठेच नाहीत, असं दिसलं तर हात आखडता घे.

हे ईसीटीएस आपल्या गुणपत्रिकेत आपोआप येतील असं समजू नकोस. आपल्याकडे थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचं अध्यापन, मापच वेगळं. दोन विद्यापीठांत करार असेल तर हिशेब जुळवतात. तुझ्याबाबतीत तसा करार नाही, तेव्हा ते वेगळं प्रमाणपत्र म्हणूनच धर. कुणी ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात) जमा होतील’ म्हणालं तर कॉलेजच्या परीक्षा विभागाकडून लेखी घे.

आणि त्यांची गुणांची पट्टी उलटी आहे. १ सर्वांत वरचा, ४ म्हणजे जेमतेम पास, ५ नापास. अर्जात तुझा सीजीपीए जर्मन पट्टीत मागतील, त्याचं सूत्र सोपं: दहातून तुझा सीजीपीए वजा कर, त्याला सहाने भाग, तीनने गुण, एक मिळव. दहा ही आपली कमाल आणि चार ही पास होण्याची किमान, म्हणून मधलं अंतर सहा. आठ सीजीपीए म्हणजे २.०. निकालात १.७ आले तर घरी आधी समजावून सांग, नाहीतर आजी देवाला गाऱ्हाणं घालायला जाईल.

एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन. तू पाठवलेला मसुदा मी वाचला आणि पहिले दोन परिच्छेद खोडलेत. जर्मनी हा तत्त्वज्ञांचा देश आहे, लहानपणापासून निसर्गाची ओढ, हे तिथल्या निवड समितीला ठाऊक तरी आहे किंवा नको तरी आहे. त्यांना ठाऊक नाही ते तुझ्याकडे आहे. त्यांच्या उत्तर किनाऱ्यावरचा वॅडन समुद्र २००९ पासून जागतिक वारशात आहे. ओहोटीला मैलोन् मैल उघडा पडणारा चिखल, त्यात कांदळवन नाही. आपल्या खाडीचा चिखल कांदळवनाने धरून ठेवलेला. त्यांच्याकडे पाणथळ राखली जाते, आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आणि मच्छीमारांचे त्याबद्दलचे प्रश्न अजून ताजे आहेत. या दोन चिखलांत आणि दोन तऱ्हांच्या राखणीत तुला नेमकं काय ताडून बघायचंय, एवढं पाचशे शब्दांत लिही. झालं.

नुसतं लिहू नकोस, सोबत काहीतरी घेऊन जा. तुझ्या घराजवळच्या जेट्टीवर एक जागा ठरव. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीला), ओहोटीच्या तळाशी, त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून फोटो काढ. फोटोत मापाची काठी उभी असू दे, दर फुटाला रंगाचा पट्टा मारलेली. वेळ, तिथी, वाऱ्याची दिशा वहीत. जानेवारीपासून जूनपर्यंत चोवीसेक नोंदी होतील. वर्गात तुझ्याशेजारी बसणाऱ्या बहुतेकांकडे फक्त मत असेल. तुझ्याकडे वही असेल. यातूनच शेवटचा निबंध निघतो आणि प्राध्यापक नंतर पत्राला उत्तर देतात तेही यामुळेच.

शिफारसपत्रासाठी मॅडमना किमान तीन आठवडे दे, आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. एका पानावर कोर्सचं नाव, मुदत, तुझे त्यांच्या विषयातले गुण, प्रकल्प, असं लिहून दे. बहुतेक पोर्टल शिफारस करणाऱ्याचा संस्थेचा ईमेल मागतात. आपल्याकडे निम्मे शिक्षक जीमेल वापरतात, आणि तिथून शिफारस आली की काही ठिकाणी ती बाजूला पडते. कॉलेजच्या नावाचा ईमेल मॅडमकडे आहे का, चालू आहे का, हे आत्ताच विचार. पोर्टलची लिंक त्यांच्या स्पॅममध्ये जाते, तीही दोन दिवसांनी आठवण करून शोधायला सांगायची. इंग्रजीच्या पुराव्यासाठी लगेच आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेला पैसे घालू नकोस. अनेक समर स्कूलना ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ असं कॉलेजचं पत्र पुरतं. आधी विचारून घे.

पासपोर्ट. तुझा अजून नाही, आणि हे काम आजचं आहे. रत्नागिरीत पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळ हवा तर वर २,०००. पत्ता कुठला द्यायचा ते आधी ठरव: तू हॉस्टेलवर आणि पत्ता घरचा असेल तर पोलीस पडताळणीच्या दिवशी तुला घरी असावं लागेल. दारात पोलीस आणि तू प्रॅक्टिकलला, असं झालं की अहवाल उलटा जातो आणि महिना जातो.

त्याहून मोठी भानगड नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं, आणि आईचं वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनावाची ओळ वेगळी, बाकीचं दुसऱ्या ओळीत. बाबांचं नाव त्यात घालायचं की नाही हे एकदा ठरव आणि मग अर्ज, विमा, तिकीट, व्हिसा, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांत स्पेलिंगचा फरक असेल तर तो पासपोर्टचा अर्ज करण्याआधी मिटव. नंतर मिटवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

व्हिसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कोकणातल्या घरांची अडचण मुंबईच्या एजंटाला कळत नाही.

९० दिवसांच्या आतला मुक्काम म्हणजे तुला शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, अल्पमुदतीचा व्हिसा लागेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण तो ४५ पर्यंत लांबवण्याची मुभा त्यांना आहे. एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या केंद्रात सहलीला जाणाऱ्यांची झुंबड असते. वेळ मिळणं हेच निम्मं काम. प्रवेशपत्र हातात आलं त्याच दिवशी वेळ बघायला लाग, मेच्या पहिल्या पंधरवड्याच्या पलीकडे जाऊ देऊ नकोस. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. तळकोकणातल्या मुलांना पणजी जवळची वाटते, पण केंद्र निवडण्याआधी तिथे आपला अर्ज घेतात का ते बघायचं.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असावा आणि दोन पानं कोरी. विमा किमान ३० हजार युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, पण विद्यार्थी अभ्यासासाठी जात असेल तर ती माफ आहे. हे अनेकांना माहीत नसतं आणि काउंटरवर सांगितलं नाही तर पैसे घेतले जातात. बोनाफाईड, ओळखपत्र आणि कोर्सचं प्रवेशपत्र दाखवून ‘अभ्यासासाठीचा मुक्काम’ असं स्पष्ट नोंदवायचं. केंद्राचा सेवाआकार वेगळा, तो द्यावाच लागतो. विमानाचं नुसतं आरक्षण जोडायचं. व्हिसा हातात येईपर्यंत पक्कं तिकीट काढू नकोस, कितीही स्वस्त दिसलं तरी.

आता पैशाचे कागद. बाबांचं उत्पन्न बागेचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून रिटर्न भरलेलंच नाही किंवा भरलं तर आकडा चिमूटभर. त्यातून बँकेचं स्टेटमेंट मागतात शेवटच्या तीन महिन्यांचं. मेमध्ये अर्ज केलास तर फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे बरोबर तेच महिने जेव्हा फवारणी, राखण, पेट्या, मजुरी असा पैसा खात्यातून बाहेरच जात असतो. वाशी बाजारातला आंब्याचा दलाल हिशेब करणार हंगाम उलटल्यावर. कागदावर बघणाऱ्याला वाटतं, या घरात पैसाच नाही. मग घाबरून कुणीतरी काकांकडून तीन लाख आणून खात्यात टाकतं, आणि अर्ज तिथेच संशयात सापडतो. आयत्या वेळी आलेली मोठी रक्कम ही सगळ्यात वाईट खूण.

उपाय वेगळा आहे. बाबांना सांग, गेल्या दोन हंगामांच्या वाशीच्या पट्ट्या, म्हणजे दलालाच्या विक्रीच्या पावत्या, शोधून ठेवा. त्या नेमक्या अडगळीत जातात. सात-बारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि एक वर्षाचं स्टेटमेंट, ज्यात गेल्या मे-जूनमध्ये आलेली रक्कम दिसेल. मागितलं तीन महिन्यांचं तरी वर्षाचं जोडायचं. सोबत एका पानाचं पत्र: उत्पन्न हंगामी आहे, पैसे कधी येतात, कधी जातात, मुलीचा खर्च कुठल्या रकमेतून होणार. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागेल. कोर्सचे पैसे जानेवारीपासूनच तुझ्या किंवा आईच्या खात्यात वेगळे ठेवता आले तर फार बरं. आणि बाबांनी शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरावं. कर लागला नाही तरी कागद उभा राहतो.

व्हिसा आला की स्टिकर नीट वाच. ‘कधीपासून कधीपर्यंत’ ही एक गोष्ट आणि ‘मुक्कामाचे दिवस’ ही दुसरी. तारखांच्या मधे ४५ दिवस दिसतात आणि दिवसांच्या रकान्यात ३० असतात. तुला ३० दिवसच राहता येतं. शेवटच्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर अॅमस्टरडॅमला जाऊ म्हणणारे इथे फसतात.

फी पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरून घेतात, पॅन लागतो. शिक्षणासाठी पाठवलेल्या पैशाला वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस (पैसे घेतानाच कापला जाणारा कर) नाही, तुझा आकडा त्याच्या खूप खाली राहील. पण कुणा एजंटाने कोर्स, विमान, राहणं, स्थलदर्शन असं एकत्र बांधून ‘पॅकेज’ म्हणून विकलं, तर ते परदेश सहलीत मोडतं आणि त्यावर पहिल्या रुपयापासून टीसीएस कापला जातो. तो रिटर्न भरून परत मिळतो खरा, पण कापला जातो ज्याचा पॅन दिला त्याच्या नावे. म्हणून प्रत्येक पैसा वेगळा भर: फी विद्यापीठाला, विमानभाडं विमान कंपनीला, खोलीभाडं वसतिगृहाला.

खर्चाला फॉरेक्स कार्डवर युरो भरून घे आणि तीनेकशे युरो रोख, लहान नोटांत. तिकडे कार्डाने पैसे देताना मशीन ‘रुपयांत देता की युरोत’ असं प्रेमाने विचारतं. नेहमी युरो. रुपये निवडलेस की दर ते ठरवतात आणि तो कधीच तुझ्या बाजूचा नसतो. बँकेच्या खात्याला बाबांचा नंबर जोडलाय का? मग ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार आणि ते असणार बागेत, रेंजबाहेर. तुझा नंबर जोड आणि निघण्यापूर्वी त्याचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून ठेव.

तू निघशील जुलैमध्ये, म्हणजे धो धो पावसात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं असतं, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि मार्ग दिवसभर बंद पडला होता. तेव्हा रात्रीच्या विमानासाठी सकाळच्या गाडीने निघायचं हा जुगार नको. दोन दिवस आधी मुंबई गाठ. तिकिटावर विमानतळ कुठला तेही बघ, आता नवी मुंबईचाही सुरू झालाय. परतताना उलट अडचण. गणपती लवकर असले तर गाव गाठणाऱ्यांची गर्दी, आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे परतीचं रेल्वे तिकीट तुला विमानात बसण्याआधीच काढावं लागेल. ते कामाच्या यादीत सर्वांत वर लिही, कारण हेच हमखास विसरतं.

सामानात आई काय काय कोंबेल त्याची मला कल्पना आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. युरोपात प्रवाशाच्या सामानातून दूध-दुभतं आणि मांस नेता येत नाही. म्हणजे तूप, पेढे, खव्याची आंबाबर्फी घरीच. हापूस तर नाहीच. ताज्या फळाला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. २०१४ मध्ये फळमाशीपायी त्यांनी आपला आंबा अख्खा हंगाम बंद केला होता, तेव्हा त्या बाबतीत ते हसण्यावारी नेत नाहीत. नारळाला मात्र तो दाखला लागत नाही. पण सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यात तेल फार, पेट घेतं. आणि गंमत म्हणजे मासळीला वीस किलोपर्यंत परवानगी आहे, सुक्या बांगड्याला कायद्याची हरकत नाही. वसतिगृहातल्या सामाईक स्वयंपाकघरात तो भाजायला घेतलास तर मात्र मजल्यावरच्या लोकांची हरकत असेल.

खसखशीचं नीट ऐक. विमान आखातातून जाणार असेल तर हे महत्त्वाचं: संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा अमली पदार्थ समजतात. मालवणी मसाल्यात ती असते. आईला सांग, तुझ्यासाठीचा मसाला बिनखसखशीचा कुटायचा. मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, भाजणी, फणसपोळी बिनघोर ने, बंद पाकिटात, वर इंग्रजीत नाव लिहून.

कुकर नको. तिकडच्या इंडक्शन शेगडीवर आपलं अॅल्युमिनियम तापत नाही. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, फक्त पिनेला अडॅप्टर लागतो. इथूनच दोन घे. फोडणीबद्दल: बहुतेक खोल्यांच्या छताला धुराचा गजर असतो. मोहरी तडतडली, मिरची करपली, की तो बोंबलतो आणि काही इमारतींत थेट अग्निशमन दलाला वर्दी जाते, बिल तुझ्या नावे येतं. खिडकी उघड, पंखा लाव, झाकण ठेव. गजरावर पिशवी बांधायची ‘आयडिया’ कुणी दिली तर ऐकू नकोस, तो गुन्हा धरतात.

तिथे उतरल्यावर सीमेवर आता शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटो घेतात. १२ ऑक्टोबर २०२५पासून ही पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे रांग लांबते. पुढची ट्रेन लगेचची घेऊ नकोस, तीन तास मधे ठेव. प्रवेशपत्र, राहण्याचा पत्ता, विमा आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत छापील ठेव, फोनच्या भरवशावर नको. शनिवारी रात्री पोचलीस तर लक्षात ठेव, रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनातलं एखादं सोडलं तर सोमवार सकाळपर्यंत दूधसुद्धा मिळणार नाही. पहिल्या दीड दिवसाचं खाणं सोबत असू दे. पाणी नळाचं पी, चांगलं असतं. विकतच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनला दिली की परत मिळते.

फिरायला देशभर चालणारं मासिक तिकीट आहे, २०२६पासून ६३ युरो. जलद लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. आधी कोर्सच्या फीत शहराचा पास आहे का बघ. हे मासिक तिकीट घेतलंस तर ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत बंद करावं लागतं, नाहीतर तू भाताची लावणी संपलेल्या गावात परत आलेली आणि सप्टेंबरचे पैसे कापलेले. तिकिटाशिवाय सापडलीस तर ६० युरो, ‘माहीत नव्हतं’ चालत नाही.

वर्गात आपली मुलं मागे पडतात ती हुशारीत नाही, बोलण्यात. आपण शेवटी ‘काही शंका?’ विचारलं की मान हलवतो. तिथे चर्चेला गुण असतात आणि गप्प बसणाऱ्याने वाचलेलं नाही असं धरतात. रोज तीस-चाळीस पानं आधी वाचायची असतील. सगळं समजलं नाही तरी प्रत्येक लेखातून एक प्रश्न कागदावर लिहून ने आणि पहिल्या पंधरा मिनिटांत विचारून टाक. नंतर संधी शोधत बसलीस की तास संपतो. वेळ म्हणजे वेळ: नऊ म्हणजे नऊ. निबंधात कुणाचं वाक्य घेतलंस तर उगम लिही, आपल्या जर्नलमधली एकमेकांची उतरवाउतरव तिथे थेट नापास करते. आणि चार शनिवार-रविवारी चार देश हा बेत रद्द कर. एक सहल कर. बाकीचे शनिवार निबंधाचे, आणि एखादा नुसता त्या चिखलात, ओहोटीला, वाटाड्यासोबत. एकटी जाऊ नकोस. भरती तिथे सपाटीवरून कशी मागून येऊन घेरते हे खाडीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

औषधं मूळ नावाच्या इंग्रजी चिठ्ठीसह ने. तातडीला ११२. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग आपली वकिलात: दूतावास बर्लिनला, शिवाय फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग आणि म्युनिकला कचेऱ्या. घरी फोन तिथल्या दुपारी साडेचारला कर, तेव्हा इथे आठ वाजलेले असतात आणि सगळे जेवायला घरात असतात.

तिथून निघण्याआधी तिथल्या कार्यालयात निकालपत्रक कधी, कुठल्या पत्त्यावर येणार ते विचार आणि पत्ता कॉलेजचा नव्हे, घरचा दे, पिनकोडसह.

आता लगेचच्या गोष्टी. पासपोर्टची वेळ या आठवड्यात घे. प्राचार्यांच्या अर्जाचा मसुदा करून मला पाठव, तासांचा तक्ता जोडून. बाबांना पट्ट्या शोधायला सांग. आणि येत्या पौर्णिमेच्या ओहोटीला जेट्टीवर काठी रोव. पहिला फोटो आला की एसओपीचं बघू.

तुझे,
सर